तीन दिवसांच्या वर राहू नये

आमच्या गावच्या वेशीजवळची धर्मशाळा माझ्या लहानपणापासून पडायला झालेली आहे. पडायला झालेलं असण्यात तिनं इतकं सातत्य राखलं होतं, की आता ती काही पडत नाही अशी गावाची खात्री पटली होती. दर पावसाळ्यात एखादी तुळई खाली यायची, माणसं जमायची, ‘या वर्षी काही खरं नाही’ म्हणायची आणि पुढच्या वर्षी तेच म्हणायला पुन्हा जमायची.

बांधणी साधी. काळ्या दगडाचं जोतं, मधे चौक, तिन्ही अंगांना ओवऱ्या, चौथ्या अंगाला मोठा दरवाजा आणि त्या दरवाजात वाकून आत जायची दिंडी. दरवाजाशेजारी भिंतीत एक शिळा बसवली आहे. बांधणाऱ्या सावकाराचं नाव झिजून गेलंय, पण त्यानं घातलेली अट अजून ठसठशीत वाचता येते: उतारूंनी तीन दिवसांच्या वर राहू नये. दात्याचं नाव पुसलं जावं आणि नियम तेवढा शिल्लक राहावा, याचं सावकाराला काय वाटलं असतं कोण जाणे. आमच्या गावच्या स्वभावाला ते धरून आहे.

नियम कुणी पाळला, असं मात्र नाही. एका ओवरीत एका आडत्याचा कांदा एका रात्रीपुरता उतरला, तो आडत्याच्या मुलाचं लग्न होऊन त्याला मुलं होईपर्यंत तिथंच होता. दुसरीत गणपती मंडळाचे पत्रे, तिसरीत तालमीचे तडकलेले मुद्गल. चौथीत एका उमेदवाराचा भला मोठा फलक, ज्यावर त्यानं ज्या पक्षाला हाकलून देण्याचं आवाहन केलं होतं त्याच पक्षात तो आता आहे. आणि सगळ्यांत जुना उतारू म्हणजे ईशान्येच्या कोपऱ्यातला पिंपळ. कधीतरी कुठल्या पाखरानं बी टाकलं, आणि बघता बघता त्याची मुळं दोन चिऱ्यांच्या मधे शिरून पार कोनाड्यातून बाहेर आली.

उतारूंच्या असल्या जागांसाठी, म्हणजे सरायांसाठी, १८६७ साली इंग्रज सरकारनं एक कायदाच केला होता. सराई चालवणाऱ्यानं दरपत्रक लावावं, पहारेकरी नेमावेत, विहिरी आणि गटारं साफ ठेवावीत, कुणी साथीच्या रोगानं आजारी पडलं तर पोलिसांना कळवावं. आणि ज्या झाडाच्या फांदीवरून चोराला आत शिरता किंवा बाहेर सटकता येईल ते झाड, ती फांदी काढून टाकावी. हे झाडाचं कलम लिहिणारा साहेब मला फार आवडतो. त्यानं कुठल्या तरी सराईत सामान घालवलेलं असणार, त्याशिवाय माणूस कायद्यात इतका बारकाईनं शिरत नाही. आमच्या पिंपळावरून चोर कधी आले नाहीत. तडकलेल्या मुद्गलांसाठी कोण एवढं चढणार?

धर्मशाळेचा रीतसर ट्रस्ट आहे. विश्वस्तांची प्रकृती साधारण इमारतीच्याच बेतानं चालते. अध्यक्ष आमचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला सभेला बोलावलं, कारण मी पुण्याला असतो. पुण्याला असणाऱ्या माणसाला जुन्या वास्तूंमधलं कळतं, असा गावाकडे एक समज आहे. तो मोडण्याचा प्रयत्न मी केला नाही. सभेत वास्तुविशारद मॅडमनी दुरुस्तीचा अंदाज सांगितला. आकडा ऐकून हेडमास्तरांनी कानातलं यंत्र काढून रुमालानं पुसलं आणि पुन्हा बसवलं. आकडा तोच राहिला.

मग सूचना सुरू झाल्या. एकानं पाडून खाली गाळे, वर धर्मशाळा असा तोडगा काढला. गाळे कुणाला मिळणार हेही त्याच्याकडे तयार होतं. दुसऱ्यानं सरकारी अनुदानाचं काढलं, पण अनुदानाला यादीत नाव पाहिजे, यादीत यायला इमारत महत्त्वाची पाहिजे, आणि महत्त्वाची असती तर यादीत नसती का, असं म्हणून तो स्वतःच खाली बसला. शेवटी एका विश्वस्तांचा पुतण्या उठला. हा मुलगा लग्नाचे मांडव, लायटिंग वगैरे करायचा आणि आता त्याच कामाला ‘इव्हेंट’ म्हणतो. तो म्हणाला, “काका, लोक हल्ली असल्याच जागा शोधत असतात. पडकं दिसायला पाहिजे, पडायला नको.”

वास्तुजतनावर मी थोडंफार वाचलेलं आहे. इतकी नेमकी व्याख्या मला त्यात आढळली नाही.

पुतण्यानं धर्मशाळा मंगल कार्यालय म्हणून काही वर्षांसाठी चालवायला घ्यायची तयारी दाखवली. तिथं १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६ आडवं आलं. ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. म्हणजे सावकारानं उतारूला तीन दिवस दिले, कायद्यानं भाडेकरूला तीन वर्षं. मंजुरीच्या अर्जाला किती दिवस लागतील याचा विचार करून सगळ्यांनी तीन वर्षांतच समाधान मानलं.

काम सुरू झालं आणि पहिली अडचण पिंपळाची आली. तो काढायला गावातला एकही गडी तयार होईना. पिंपळाला कुऱ्हाड लावून पुढं काय काय झालं याच्या प्रत्येकाकडे घरच्या गोष्टी होत्या. मॅडमना तर तो घाईनं ओढून काढायचाच नव्हता, कारण मुळं ओढली की चिरेही येतात. शेवटी ग्रामजोशींनी तोड काढली: झाड तोडायचं नाही, स्थलांतर करायचं. पूजा झाली, नारळ फुटला, पिंपळाला पूर्वसूचना दिली गेली. वरच्या फांद्या उतरवल्या, त्यातली एक मारुतीच्या देवळामागं लावली आणि भिंतीतली मुळं मग सावकाश, एकेक चिरा सोडवत काढली. मारुतीमागचा पिंपळ जगला. आता तो देवळाच्या भिंतीकडे बघतोय.

दुसरी अडचण आमच्याच एका जुन्या पराक्रमाची. कधीकाळी कुठल्याशा निधीतून दक्षिणेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर गुलाबी ऑइलपेंट फासला होता. गावाला वाटायचं, चला, एक बाजू तरी पक्की आहे. मॅडमनी बोटाच्या पेरांनी भिंत वाजवत वाजवत नेली आणि सगळ्यांत आधी तीच बाजू सोलायला सांगितली. दगड-चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं, जोत्यातून वर चढतं, आणि चुन्याच्या गिलाव्यातून उन्हाळ्यात सुकून निघून जातं. सिमेंटचा कडक थर बसला की आत आलेल्या पाण्याला बाहेर वाट नाही. ते आतल्या आत चुना भुसभुशीत करतं, क्षार पुढं आणतं आणि भिंतीला लोणा लागतो. गुलाबी पापुद्रा निघाला तेव्हा मागचा चुना मुठीनं काढता येत होता. ज्यांच्या काळात तो गिलावा झाला ते माजी सभापती त्या दिवशी नेमके तिकडे फिरकले नाहीत.

चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री मॅडमनी बाहेरगावाहून आणले. सत्तरीचे, डोक्याला उपरणं, सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांनी चौकात हौद खणून घेतला, त्यात कळीचा चुना टाकला आणि पाणी सोडलं. विस्तव नाही, काही नाही, आणि हौद खदखदायला लागला. वाफेचे लोट उठले. शाळा सुटलेली पोरं कठड्यावर रांगेनं उभी. चुना भिजत पडला तो कित्येक आठवडे. मामांना घाई केली की ते म्हणायचे, “चुन्याला झोपू द्या.” दरम्यान घाणीसाठी बैल शोधायची मोहीम निघाली. गोल चर, त्यात दगडी चाक आणि चाकाला बैल, अशी ती घाणी. ट्रॅक्टरच्या गावात बैल पोळ्यापुरतासुद्धा उरलेला नाही. शेवटी शेजारच्या गावातून एक मिळाला, पण धन्याला आपल्या बैलाची किंमत पुरेपूर कळलेली होती.

चुना, वाळू, विटांची सुर्खी हे घाणीत पडलं. मग मामांनी आपली यादी काढली: गूळ, हिरडा, बेलफळं, उडदाची डाळ. हिरडा भिजवून त्याचं पाणी, त्यात गुळाचं पाणी, बेलाचा गर, डाळीचा चिकटा. हे सगळं चुन्यात गेलं की तो चांगला धरतो, तडकत नाही, पाऊस सोसतो. ट्रस्टच्या लेखापरीक्षकांना मात्र हे सोसेना. बांधकाम खात्यात उडीद डाळ पाहून त्यांनी फोनच केला: “हेडमास्तर, दुरुस्ती चाललीय का बारसं?” हेडमास्तरांनी मॅडमकडून लेखी घेतलं, मॅडमनी त्यावर शिक्का मारला, आणि बेलफळ हे बांधकाम साहित्य असल्याचं आमच्या तालुक्यात पहिल्यांदाच कागदावर आलं.

हेडमास्तर विज्ञानाचे शिक्षक. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा दगड होत जातो आणि हे काम वर्षानुवर्षं चालतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यावरून त्यांनी पुतण्याला पटवून दिलं, की हॉलमध्ये जितकं वऱ्हाड जास्त तितका कार्बन डायऑक्साइड जास्त, तितकी भिंत लवकर पक्की. पुतण्यानं हे आपल्या जाहिरातीत घालू का म्हणून विचारलं.

खरा वाद पेटला तो काजळीवरून. प्रत्येक ओवरीच्या मागच्या भिंतीला, खाली तीन दगड मांडायच्या जागी, पुरुषभर उंचीची काळी पट्टी आहे. पिढ्यान् पिढ्या तिथं उतारूंच्या चुली पेटल्या, भाकरी भाजल्या गेल्या, त्याचा हा धूर. पुतण्याचं म्हणणं, नवरीच्या शालूला लागेल; घासून चुना फासा. मॅडम म्हणाल्या, हात लावलात तर मी काम सोडीन. गाव नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंचं होतं. मी मॅडमच्या बाजूनं होतो आणि अजूनही आहे. या इमारतीत राजा कधी राहिला नाही, लढाई झाली नाही, तह झाला नाही. इथं कुणी महत्त्वाचं माणूस आलंच नाही, हेच तिचं महत्त्व. आणि त्या बिनमहत्त्वाच्या माणसांची या काजळीशिवाय दुसरी सही नाही. पश्चिमेकडच्या तिसऱ्या ओवरीत तर त्या काळ्या पट्टीवर कुणीतरी खिळ्यानं उभ्या रेघा ओढल्या आहेत. पोती मोजली असतील, कर्ज मोजलं असेल. दिवस मोजले असतील, तर रेघा सतरा आहेत आणि सावकाराची शुद्ध फसवणूक झालेली आहे.

काजळी राहिली. तिच्यापुढं दोरी बांधली आणि खालून दिवा सोडला. लग्नाआधीचे फोटो काढायला पुण्या-नाशिकहून जोडपी येतात, ती हटकून याच भिंतीशी उभी राहतात. मुलीनं चुलीपुढं बसून फुंकणी हातात धरायची आणि मुलानं कौतुकानं बघायचं, असा एक फोटो फार चालतो. फुंकणी पुतण्या पुरवतो.

सर्वांत जास्त खर्च कशावर झाला म्हणाल, तर संडासांवर. सावकाराच्या नकाशात ती सोयच नव्हती. उतारू टमरेल घेऊन ओढ्याकडे जात. सातशे माणसांच्या वऱ्हाडाला ओढा दाखवता येत नाही. उद्घाटनाच्या भाषणांत वारशावर पुष्कळ बोललं गेलं, पण आलेला प्रत्येक पाहुणा आधी तिकडे जाऊन आला आणि मगच त्याचा वारशाबद्दलचा आदर वाढला.

सराया जिथं म्हणून टिकल्या, तिथं त्यांनी असलंच काहीतरी पत्करलेलं दिसतं. सुरतेत शाहजहानच्या काळात, १६४४ साली, हकीकत खानानं सराई बांधली. हजला निघालेले यात्रेकरू तिथं उतरत. आज तिथं महानगरपालिकेचं कार्यालय आहे. पूर्वी तिथं लोक गलबताची वाट बघत, आता दाखल्याची बघतात. सायप्रसच्या निकोसियात उस्मानी तुर्कांनी १५७२ साली बांधलेला ‘ब्युयुक हान’ आहे. इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला, पुढं तिथं गरीब कुटुंबं राहिली, आणि आता मधल्या चौकात कॉफी मिळते. इस्फहानची जुनी कारवान सराई तर ऐषारामी हॉटेल होऊन बसली आहे. त्या मानानं आमच्या धर्मशाळेनं लग्नं लावून घेतली, यात विशेष काही नाही. आणि पूर्वीच्या सराया म्हणजे काही सुखाचं आगर होतं असंही समजू नये. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ साली जहांगिराला भेटायला निघाला असता बऱ्हाणपूरच्या सराईत उतरला होता. मिळालेल्या चार खोल्या भट्ट्यांएवढ्या आहेत असं लिहून तो आपल्या तंबूत झोपायला गेला. सोयींबद्दल तक्रार करणारा पाहुणा आजकालच निपजला आहे, असं वाटणाऱ्या पुतण्याला मी हे मुद्दाम सांगितलं.

तरी एक गोष्ट बोचते, आणि ती माझ्याआधी आमच्या आळीतल्या आजींना बोचली. उद्घाटनाचं दरपत्रक कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे ज्याला घर नाही त्याच्यासाठी बांधलेलं, आता ज्याला तीन घरं आहेत त्याला देणार?” यावर अध्यक्षांनी देखभाल निधी, उत्पन्नाचा स्रोत वगैरे सांगून पाहिलं. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

आजींच्या प्रश्नामागं एक मोठा माणूस उभा आहे. गाडगेमहाराजांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र त्यांत मुक्काम टाळला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. तिथं मुलं शिकावीत म्हणून. म्हणजे वापर बदलायला त्यांची ना नव्हती. बदलून ती जागा कुणाच्या उपयोगी पडते, एवढंच ते बघत. आणि उतारू संपले म्हणावं तर तेही खरं नाही. मुंबईत कॅन्सरच्या रुग्णाबरोबर आलेल्या, विदर्भातून नाहीतर खानदेशातून महिना-महिना येऊन राहणाऱ्या नातेवाइकांना विचारा. दादरच्या धर्मशाळेत जागा मिळाली तर ते ज्या स्वरात सांगतात, त्या स्वरात मी कुणाला पंचतारांकित हॉटेलबद्दल बोलताना ऐकलेलं नाही. आमच्या गावाला मोठं इस्पितळ नाही, तेव्हा तो उतारू आमच्याकडे येत नाही. आमच्याकडे वर्षातून एकदा दिंडी येते.

आणि इथं पंचांग मदतीला आलं. आषाढी एकादशीला देव झोपतो, तो कार्तिकीला उठतो; मधल्या चातुर्मासात लग्नं नाहीत. म्हणजे वारी संपता संपता मंगल कार्यालयांचा हंगामही संपतो. त्यामुळे दिंडीच्या मुक्कामाला धर्मशाळा मोकळी ठेवायची, एक पैसा न घेता, असं कलम करारात घालायला पुतण्यानं खळखळ केली नाही. आजींचं समाधान झालं. त्यांनी ते कलम दोनदा वाचून घेतलं.

पहिली दोन वर्षं सुरळीत गेली. तिसऱ्या वर्षी पुतण्यानं एक रिसेप्शन घेतलं. रिसेप्शनला मुहूर्त लागत नाही. त्यानं गेल्या वर्षी दिंडी कुठल्या तारखेला आली होती ते डायरीत पाहिलं आणि त्याच्या आसपासचे दिवस सोडून बुकिंग घेतलं. दिंडी तारखेनं येत नाही, तिथीनं येते, हे त्याच्या डायरीत नव्हतं. त्या संध्याकाळी चौकात झिरमिळ्यांचे दिवे, ओवऱ्यांमधे सोफे, बाहेर धो धो पाऊस, आणि दरवाजात दीडेकशे वारकरी डोक्यावर प्लॅस्टिकचे कागद घेऊन उभे. काळ्या शर्टातला मुलगा हातात वॉकीटॉकी घेऊन पुढं झाला. “तुमचं बुकिंग आहे का?”

“आहे की,” विणेकरी बुवा म्हणाले. “आज्यापासनं.”

नवरीचे वडील धावत आले. त्यांच्या घरातच वारी. त्यांनी आधी वीणेला हात जोडले आणि मग पुतण्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तो आपण होऊन सोफे उचलू लागला. डावीकडच्या ओवऱ्या रिकाम्या झाल्या. वधूवरांना आहेर देऊन खाली उतरलेली माणसं रांगेत वारकऱ्यांच्या पायाही पडू लागली, त्यामुळे रांग दुप्पट हळू सरकायला लागली. गोष्ट जेवणावर आली तेव्हा कांदा-लसूण कशात नाही हे कॅटररला सांगता येईना. वरण, भात, मठ्ठा आणि जिलबी यांवर एकमत झालं. एक म्हातारी हातात ताटली घेऊन लाइव्ह पास्ताच्या टेबलाशी बराच वेळ उभी होती. टोपीवाल्या आचाऱ्यानं आदरानं विचारलं तेव्हा म्हणाली, “शेवया दिसत्यात. गूळ न्हाई का रं घातला?” डीजे दहाला बंद झाला, तो नियमानंच. तोवर दिंडीतली अर्धी माणसं त्या दणदणाटात घोरत होती. चाललेल्या पायांना काही ऐकू येत नसावं.

आता बिल आलं आहे. कॅटररनं जादा ताटं पुतण्याच्या नावावर टाकली, पुतण्यानं कराराचं कलम जोडून ती ट्रस्टकडे पाठवली. हेडमास्तर म्हणतात, सरळ अन्नदान खात्यात घाला. पण बिलावर ‘लाइव्ह पास्ता काउंटरसह’ असं छापलेलं आहे, आणि लेखापरीक्षक अडून बसले आहेत. “बेलफळावर मी सही केली,” ते म्हणतात, “पास्त्यावर करणार नाही.”